पलीकडच्या टोकाचं व्होल्टेज

५ नोव्हेंबर २०२३, रविवार. गुरुग्राम. वारा अजिबात नाही. सकाळपासून धूर. अकराच्या सुमारास सूर्य दिसला तो आरतीच्या ताटलीएवढा, तांबूस, नुसत्या डोळ्यांनी बघता येण्यासारखा. घशात कडवट चव.

मी रोज एवढं लिहितो. तारीख, हवा आणि दिवसभरात हातून काय झालं ते. त्या दिवशी पुढे लिहिलं, 'आईच्या खोलीत सूर्याचा दिवा लागला.' आणि त्याखाली, कधी ओढत नाही ती रेघ ओढली. मला फार बरं वाटलं होतं. इतकं, की कुमुदला वर नेऊन फ्यूजची पेटी तिसऱ्यांदा दाखवली.

"अहो, बघितली की सकाळी," ती म्हणाली. "छान आहे. आता हिला नैवेद्य दाखवू का?"

मी इंजिनिअर नाही. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कार्यालयात सेक्शन ऑफिसर आहे. विजेचं जे काही येतं ते दर्यागंजच्या जुन्या पुस्तकांतून आणि दोन वेळा शॉक खाऊन आलेलं. पण जे शिकलो ते नीट शिकलो. गच्चीवर दोन पॅनेल, बरोबर दक्षिणेला तोंड करून. गच्चीवर जी एकुलती खोली असते तिला इकडे बरसाती म्हणतात. त्या बरसातीत बॅटरी, तिच्याशेजारी भिंतीवर कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत बेतानं भरणारा आणि बॅटरी फार उतरली तर सगळं बंद करणारा डबा. त्याच्याखाली फ्यूजची पेटी आणि तिथून घरभर गेलेल्या बारा व्होल्टच्या लाल-काळ्या वायरी. एकही सांधा उघडा नाही. एकही वायर तिरकी नाही. प्रत्येक फ्यूजखाली माझ्या अक्षरात चिठ्ठी: आई. देवघर. स्वैपाकघर. माजघर. जिना.

बंगळूरला शिकणाऱ्या लेकीला फोटो पाठवला. अलकनंदाचं उत्तर आलं, "बाबा, एकदम मस्त! पर ये माजघर क्या होता है?"

हे सगळं कशासाठी, तेही सांगतो. माझी आई, चंद्रप्रभा, ऐंशीच्या घरातली. फुप्फुसं थकलेली. झोपताना, आणि धुराच्या दिवसांत जागेपणीही, तिला तोंडावर मास्क लावून श्वासाचं यंत्र चालवावं लागतं. मागच्या वर्षी याच दिवसांत आमच्या सेक्टरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. धुरामुळे डिझेल जनरेटरला बंदी होती, त्यामुळे गल्लीतला जनरेटर नुसता उभा. आमचा इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत टिकला आणि मग एक लांब शिट्टी वाजवून बसला. आईला गाडीत घालून हॉस्पिटलला नेताना तिचा हात माझ्या हातात होता. नखं निळी झाली होती.

ती नखं मी विसरू शकलो नाही. परत असं होऊ द्यायचं नाही, आणि जे करायचं ते दुसऱ्या कुणाच्या भरवशावर करायचं नाही, असं ठरवलं. यंत्र बारा व्होल्टवरही चालतं. सूर्य माझ्या गच्चीवर, बॅटरी माझ्या बरसातीत, वायर माझ्या हातची. आईचा श्वास आणि मी, मध्ये कुणी नाही.

फक्त एक उणीव राहिली होती. दिल्लीतल्या भागीरथ पॅलेसच्या वीजबाजारातून आणलेली जाड वायर आईच्या खोलीपर्यंत पुरली नाही, कारण जिन्याचं वळण मी मोजलं नव्हतं. नवं बंडल येईपर्यंत तिच्या खोलीत निदान दिवा तरी लागावा म्हणून मी भिंतीतली जुनी वायर वापरली.

ती वायर घराबरोबरच आलेली. घर आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतलं, खंडेराव नावाच्या एका निवृत्त फौजी माणसाच्या पुतण्याकडून. आईच्या पलंगाशेजारी भिंतीत काळा, गोल, जुन्या पद्धतीचा पॉईंट होता आणि त्यातून दोन काळ्या तारा एकमेकींना पिळा घालून भिंतीतल्या पाइपातून वर बरसातीत गेल्या होत्या. कडक, बारीक, जुनाट वायर. मी एक टोक फ्यूजच्या पेटीला जोडलं, खाली येऊन दुसऱ्या टोकाला दिवा लावला. लागला.

लागला म्हणजे जरा जास्तच लागला.

वायरीतून वीज जाते तेव्हा वाटेत थोडी गळते, नळाच्या शेवटच्या घरी पाणी कमी यावं तशी. वायर जितकी बारीक आणि लांब, तितकं पलीकडच्या टोकाला व्होल्टेज कमी. यात काही मत असायचं कारण नाही. त्या संध्याकाळी बॅटरीवर मीटर १२.४ दाखवत होता. आईच्या पॉईंटवर फार तर १२ यायला हवे होते.

आले १२.९.

मी मीटरचा सेल बदलला. परत १२.९. ऑफिसातल्या श्यामचा मीटर मागून आणला. त्यानंही १२.९. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. सकाळी मोजलं तर अगदी हिशेबाप्रमाणे, १२. दुपारी १२. मग दिवेलागण उलटल्यावर, बाहेर धुरात रस्त्यावरचे दिवे पिवळे झाले की, परत १२.९. जणू त्या वेळेला वीज वरून खाली जातच नव्हती. कुणीतरी पलीकडून भरत होतं.

आणि आईच्या खोलीच्या पलीकडे काहीच नाही. बाहेरची भिंत. तिच्यापलीकडे गल्ली.

मी कुमुदला यातलं काही सांगितलं नाही. नुसता रोज संध्याकाळी मीटर घेऊन आईच्या पलंगापाशी उकिडवा बसायचो. एकदा आईनं मास्क बाजूला केला.

"रंगा, तू वरून हाक कशाला मारतोस रे? खाली येऊन विचारावं."

"कधी?"

"रोज. दिवे लागायच्या वेळी. मी नमस्कार करते आणि वरून हाक येते."

"आई, मी मेट्रोत असतो त्या वेळी. काल तर सात वाजता आलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. दिव्याचा उजेड तिच्या चष्म्यात दोन ठिपके होऊन बसला होता.

"मग कोण विचारतं... पोचतोय का म्हणून?"

"काय पोचतोय?"

"ते नाही सांगत. पोचतोय का, एवढंच. मी म्हणते, पोचतोय." तिनं मास्क परत नाकावर ओढला आणि त्याच्या आतून, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कुणी विचारलं तर उत्तर द्यावं माणसानं."

धनत्रयोदशीला विलास आला. ज्याच्याकडून घर घेतलं तो खंडेरावांचा पुतण्या. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे, कॅन्टोन्मेंटमध्ये लहानाचा मोठा झालेला. घर विकलं तरी दिवाळीला मिठाई घेऊन येतो. त्याला मी आधी गच्चीवर नेलं, साहजिकच. त्यानं फ्यूजची पेटी बघितली, वायरींवरून बोट फिरवलं.

"क्या बात है, साहेब. आमच्या लाईनवर पण असं काम नाही करत कुणी. बिल्कुल मिलिटरी काम."

मला हे ऐकायचंच होतं. मग मी, फारसं काही नाही अशा आवाजात, जुन्या वायरीबद्दल विचारलं.

विलास हसता हसता थांबला.

"ती अजून आहे?"

"आहे. कसली आहे ती?"

"फौजेची. टेलिफोनची. आमचे खंडेरावआबा सिग्नल्समध्ये लाईनमन होते ना. सगळी नोकरी डोंगरात तारा ओढण्यात गेली." तो बरसातीच्या उंबऱ्यावर बसला. "शेवंताकाकूला दमा होता. त्या वेळी इथं वीज म्हणजे... आली तर आली. आणि काकूला अंधारात धाप लागली की ती जास्त घाबरायची. आबांनी ट्रकची बॅटरी आणून इथं ठेवली, तुमच्या बॅटरीच्याच जागी. ही वायर टाकून खाली तिच्या उशाशी बल्ब दिला. त्या वेळी कॉलनीत कुणाकडे नव्हतं असलं काही."

"अच्छा," मी म्हणालो. म्हणजे या घरात हे करणारा मी पहिला नव्हतो. एवढीच गोष्ट आधी मनात आली, आणि आवडली नाही.

"रोज दिवेलागणीला आबा इथं येऊन लाईन चेक करायचे. फौजेची सवय. वायर दोनदा ओढायची, ठक ठक, आणि हाक मारायची, पोचतोय का? खालून काकू दोनदा ओढायची आणि म्हणायची, पोचतोय. मग आबा जेवायला बसायचे. त्याच्याआधी नाही." विलासनं खाली गल्लीत बघितलं. धुरात फटाक्यांची एक लाल ठिणगी उडाली आणि विझली. "काकू गेल्यावर पण ते यायचे वर. दोनदा ओढायचे. हाक मारायचे. आणि मग नुसते उभे... उत्तर येईपर्यंत."

"उत्तर येईपर्यंत म्हणजे?"

"तेच तर, साहेब. पंधरा-वीस मिनिटांनी खाली यायचे आणि जेवायला बसायचे."

विलासनं उठता उठता म्हटलं, "तोडू नका हां ती. आबा म्हणायचे, लाईन तोडायची नाही. दुसऱ्या टोकाला माणूस असतो."

मी त्याच आठवड्यात वायर काढायचं ठरवलं.

भीती वाटली म्हणून नव्हे. म्हणजे, भीतीही वाटली होती. पण जास्त काय खटकत होतं ते सांगतो. माझ्या पेटीत सगळं काटेकोर होतं आणि एका चिठ्ठीखाली, नेमकी 'आई' या चिठ्ठीखाली, दुसऱ्याची वायर होती. तिच्या पलीकडच्या टोकाला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. ते कुणाचं आहे, कुठून येतंय, हा प्रश्न मला नकोच होता. आईचा श्वास माझ्या हिशेबानं चालणार होता.

जाड वायरीचं बंडल आलं. शनिवारची दुपार. धूर इतका की समोरच्या टॉवरांचे वरचे मजले नव्हतेच. पाइपातून वायर बदलायची रीत सोपी असते: खाली जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधायची, वरच्या माणसानं जुनी ओढायची, खालच्यानं नवी आत सरकवत राहायचं. जुनी बाहेर येते, तिच्यामागून नवी येते. दोन माणसं लागतात आणि दोघांचा हात एका लयीत लागतो, नाहीतर वायर वळणाला अडकते. मी कुमुदला नीट समजावलं. बंडल आईच्या पलंगापाशी ठेवलं. आई मास्क लावून झोपली होती. वर येऊन हाक मारली, "बांधलीस का?"

खालून उत्तर नाही आलं, पण वायर दोनदा हलली. मी समजलो, बांधली.

ओढायला लागलो. आणि काय सांगू, असं काम मी आयुष्यात अनुभवलं नाही. मी जेवढा ओढीन तेवढी, त्याच वेळी, खालून सरकत होती. जिन्याच्या वळणाला अडकणार असं वाटायच्या आधीच खालून ढील मिळत होती. मी थांबलो की थांबत होती. कुमुदचा हात असा लागेल असं मला वाटलं नव्हतं. पाइपातून जुन्या रबराचा, बंद ट्रंकेचा वास येत होता आणि हातात येणारी वायर कोमट होती.

"वा!" मी पाइपाच्या तोंडाशी वाकून म्हणालो. "वा, कुमुद! उगाच म्हणत होतीस मला जमणार नाही."

"कोणाशी बोलताय?"

ती मागे उभी होती. जिन्याच्या दारात. हातात चहाचे दोन कप.

"तू... खाली कोण आहे?"

"कोण असणार? दूधवाल्याचा पोरगा फाटकाशी हुज्जत घालत बसला होता, पंधरा मिनिटं खाल्ली त्यानं. चहा टाकून आले. चला, आता सांगा काय बांधायचंय."

माझ्या हातात वायर होती. ती अजून, सावकाश, वर येत होती.

मग जुनीचं टोक पाइपाबाहेर आलं आणि त्याच्यामागे नवी, लाल-काळी. दोन्ही एकमेकींना बांधलेल्या. मी कुमुदला गाठ मारून, वर चिकटपट्टी गुंडाळायला सांगणार होतो. इथं चिकटपट्टी नव्हती. तारांची टोकं एकमेकींत विणून, मग बारीक सुतळीनं एकाला एक लागून वेढे घालून, शेवट आत खुपसून टाकला होता. सुईच्या अग्राएवढीही जागा सुटली नव्हती. मी स्वतःचं काम चांगलं समजतो, पण असा सांधा मला जमला नसता. हे मी कुमुदला सांगितलं नाही.

कुमुदनं कप कठड्यावर ठेवले. "आई झोपल्यात खाली," ती हळूच म्हणाली. "मी आत्ता बघून आले. एकट्याच आहेत."

मी पक्कड घेतली आणि सांधा कापला.

जुनी वायर गुंडाळून बरसातीतल्या खिळ्याला अडकवली. नवी पेटीला जोडली. आईच्या पॉईंटच्या जागी नवा, पांढरा पॉईंट बसवला आणि दिव्याबरोबर यंत्रही त्यावर लावलं. मोजलं. वर १२.६, खाली १२.४. दिवेलागणीलाही तेच. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. अगदी पुस्तकात असावं तसं. वीज गेली की सगळी गल्ली काळी व्हायची आणि आमच्या खिडक्या उजळलेल्या. येणारे-जाणारे थांबून बघायचे. शेजारच्या खन्नांनी मला घरी बोलावून त्यांच्या गच्चीचं माप घ्यायला लावलं. मी मनातल्या मनात फुलून जायचो, खोटं कशाला बोलू.

आईला विचारलं, हाक येते का अजून. तिनं मान हलवली.

"नाही रे. आता कुणी विचारत नाही." मग जरा वेळानं, "सवय झाली होती उत्तर द्यायची."

जानेवारीत धुकं पडलं. धुराचं नव्हे, खरं धुकं; ओलं, पांढरं, खिडकीला येऊन टेकलेलं. भोगीच्या आदल्या दिवशी सूर्य दिसला तो शेवटचा. भोगीला नाही. संक्रांतीला नाही. कुमुद तिळगुळाच्या वड्या थापत होती आणि म्हणत होती, "सूर्याचा सण, आणि त्याचाच पत्ता नाही." पॅनेलवर हात फिरवला तर नुसतं पाणी. संक्रांतीच्या पहाटे सेक्टरची वीज गेली. ट्रान्सफॉर्मर. लाईनमन धुक्यात अडकलेले. फोनवरचा माणूस म्हणाला, "सर, शाम तक देखते हैं."

मी घाबरलो नाही. याच दिवसासाठी तर सगळं केलं होतं. बॅटरीचे आकडे बघत एकेक फ्यूज काढत गेलो. आधी जिना. मग माजघर. मग स्वैपाकघर. दुपारी देवघर काढला तेव्हा कुमुदनं समई लावली. पेटीत एकच फ्यूज उरला, 'आई'. आकडा उतरत होता. ११.८. ११.५. हॉस्पिटलला फोन केला तर ॲम्ब्युलन्स महामार्गावर गाड्यांच्या टकरीपाशी खोळंबलेली. आमची गाडी काढून गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. बॉनेटच्या पुढचं दिसेना, पलीकडच्या रस्त्यावर कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला आणि मी परत फिरलो. खन्नांचा इन्व्हर्टर केव्हाच बसला होता. मग विलासला फोन केला.

"कारखान्यातून ट्रकची बॅटरी घेऊन निघालोय, साहेब. पण समोर हातभर दिसत नाही. टोलच्या अलीकडं उभा आहे. तुम्ही... तुमची टिकेल ना तोपर्यंत?"

"टिकेल," मी म्हणालो.

धुक्यात दिवेलागण कळत नाही. पांढऱ्याचं करडं होतं आणि करड्याचं काळं. मी बरसातीत हातात टॉर्च घेऊन कंट्रोलरसमोर उभा होतो. ११.१. मग एक बारीक 'टक' झालं, हिरवा ठिपका लाल झाला आणि सगळं बंद पडलं. बॅटरी वाचवायला तो डबा असंच करतो. मीच तसा लावला होता.

खाली यंत्र थांबल्याचं मला वरून कळलं. घरात इतकी शांतता होती. आणि मग कुमुदचा आवाज, "अहो! लवकर!"

एकच उपाय होता: कंट्रोलर वगळून वायर सरळ बॅटरीला जोडायची. बॅटरी मेली तरी चालेल. जोडण्याआधी फ्यूज काढायचा, ही माझी सवय, कितीही घाई असली तरी. 'आई' लिहिलेला फ्यूज उपटून काढला. हातात धरला. पाना शोधायला टॉर्च फिरवला.

"शाब्बास!" खालून कुमुद ओरडली. ती रडत होती आणि हसत होती. "चालू झालं! अहो, चालू झालं! घेतायत श्वास! काय केलंत हो?"

मी काहीही केलं नव्हतं.

फ्यूज माझ्या हातात होता. टॉर्चच्या उजेडात पेटीतली त्याची जागा रिकामी दिसत होती. आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं जुन्या वायरीचं वेटोळं, वारा नसताना, हळूहळू झुलत होतं.

मी जिना कसा उतरलो आठवत नाही. आईच्या खोलीत दिवा लख्ख जळत होता, माझ्या दिव्यानं कधी दिला नाही एवढा उजेड. यंत्र एका लयीत चाललं होतं. आई डोळे मिटून पडली होती, मास्कच्या आत वाफ येत होती, जात होती. कुमुद तिच्या उशाशी बसून नखं चोळत होती. माझ्याकडे बघून तिनं ओठ हलवले, काहीतरी कौतुकाचंच बोलणार होती.

तेवढ्यात वरून हाक आली.

"पोचतोय का?"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मोठा नाही. लांबून बोलायची सवय असलेला.

कुमुदनं माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. मग परत माझ्याकडे. घरात वर जाणारा माणूस मी एकटाच, आणि मी तिच्यासमोर उभा होतो.

कुणीच बोललं नाही. आईला शुद्ध नव्हती धड, आणि तोंडावर मास्क.

दिवा जरा पिवळा झाला. यंत्राची लय मंदावली.

"पोचतोय का...?"

आता आवाज जास्त जवळून आला, पाइपाच्या तोंडाशी वाकून विचारावं तसा. दिवा तांबूस झाला, नोव्हेंबरातल्या त्या सूर्यासारखा. यंत्र ओढत ओढत चालायला लागलं. आईची छाती वर आली आणि तिथेच थांबली.

"उत्तर द्या," कुमुद कुजबुजली. "अहो... तुम्हाला विचारतायत. उत्तर द्या..."

आणि त्या क्षणीसुद्धा, आईच्या नखांत निळं उतरत असताना, माझी जीभ उचलेना. उत्तर द्यायचं म्हणजे कबूल करायचं, की पोचतंय ते माझं नाही. माझी पेटी, माझ्या चिठ्ठ्या, माझे सांधे, सगळं वर मेलेलं आहे, आणि माझ्या आईच्या छातीत जाणारी हवा दुसरा कुणी पाठवतोय. मी फ्यूज मुठीत इतका दाबला की त्याची पाती तळव्यात रुतली.

"पोचतोय," मी म्हणालो.

वर कुणीतरी मोठा श्वास सोडला. भिंतीतल्या पाइपात वायर दोनदा हलली. दिवा पांढरा झाला. आईची छाती खाली आली, वर गेली, खाली आली.

त्यानंतर हाक थोड्या थोड्या वेळानं येत राहिली. आम्ही दोघं आळीपाळीनं उत्तर देत राहिलो, सकाळपर्यंत.

१६ जानेवारी २०२४, मंगळवार. दाट धुकं, वारा नाही. सकाळी सेक्टरची वीज आली. त्यानंतर थोड्या वेळानं विलास बॅटरी घेऊन पोचला. आईचं यंत्र रात्रभर चाललं, नखं गुलाबी. बॅटरी १०.८. कंट्रोलर बंद. 'आई' लिहिलेला फ्यूज माझ्या खिशात. बरसातीतल्या खिळ्याला जुनी वायर नाही. आईच्या खोलीतला पॉईंट १२.९.